काचेतला नारळ

किल्लारी, येळवशीचा (वेळा अमावास्येचा) दुसरा दिवस, संध्याकाळ

मारियानं आज फोटो पाठवले. गेल्या साली ती परदेशातून कलाकारांच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे गावात राहून काम करायच्या योजनेवर, आली आणि महिनाभर आमच्याच घरी राहिली. मी तिला गावभर फिरवलं, बायांचं बोलणं इंग्रजीत करून सांगितलं. निघताना आईनं लेकीसारखी तिची ओटी भरली.

तो नारळ आता तिच्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवलाय. खाली आईनंच दिलेला हिरवा खण. पाटीवर लिहिलंय, ‘भूकंपाची आठवण’. भूकंपाची? भूकंप झाला त्र्याण्णव साली, आणि हा नारळ आईनं ती निघायच्या आदल्या दिवशी स्टँडसमोरून आणला होता! आईचं नाव कुठंच नाही. मी चित्रकार, पण तिथं फक्त ‘स्थानिक मदतनीस’. याच रेसिडेन्सीनं माझा अर्ज दोनदा परत पाठवला. म्हणे, तुमचा विषय फारच गावापुरता आहे. मग हिचा विषय कुठला होता?

ओटीचा नारळ घरी फोडून त्याचं गोडधोड करायचं असतं, हे मी तिला दहादा सांगितलं होतं. तिनं मान डोलावली होती.

आईला फोटो दाखवला. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

“अजून फोडलाच न्हाई व्हय तिनं? आतून नासला असंल की गं.”