बाबांची गुझी

सिडको, नाशिक
७ नोव्हेंबर १९९९

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. आईचा गुडघा बरा आहे. डॉक्टरांनी दिलेला पट्टा ती बांधत नाही, पण भाजीबाजारात माझ्या चार पावलं पुढे चालते. वहिनींना नमस्कार. पायल बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला गेली हे ऐकून आईने आख्ख्या गल्लीला पेढे वाटले.

आता तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानाबद्दल. 'तो सांगाडा भंगारात दे आणि मोकळी हो,' असं तू लिहिलंस. नाही देणार.

बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी माळ्यावरून त्यांची गाडी खाली काढली. गोणपाट उलगडून बघितलं तर आत जराही गंज नव्हता. माणूस वर्षाला एकदा माळ्यावर चढून तिला ग्रीस लावत होता आणि आपल्याला वाटायचं, उंदीर बघायला जातात.

गावात ते घडलं तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास, मी आठ. तरी लिहिते, कारण आपल्या घरात हे कोणी कधी बोललंच नाही. धरणाच्या कामावरचा इटालियन साहेब पिएत्रो परत जाताना आपली लाल मोटो गुझी मोटारसायकल बाबांना देऊन गेला. गाडीची कागदपत्रं बाबांच्या नावाने, त्याच्या सहीसकट. आडवं पडलेलं सिलिंडर आणि डाव्या अंगाला उघडं फिरणारं ते मोठं लोखंडी चक्र. गावातल्यांनी निरोप धाडला, 'जयराम, मारुतीसमोरून जाताना खाली उतरायचं, गाडी ढकलत न्यायची.' बाबा उतरले नाहीत. एकदाही नाही. एका दुपारी ते कामावर पायी गेले होते, तेव्हा चौदा-पंधरा जणांनी छपरीतून गाडी बाहेर काढली, सुटे भाग वाटून घेतले आणि उरलेली नाल्यात ढकलली. बाबांनी ती नाल्यातून वर काढली आणि महिन्याभरात तिच्यासकट आपण नाशिकला आलो.

आता गाडीला टाकी, हेडलाइट, कार्बोरेटर आणि ते चक्र, एवढं नाही. सातपूरला मी ज्या वर्कशॉपात लेथ चालवते तिथला फोरमन म्हणाला, "सविताबाई, एनफिल्डची टाकी बसवा, लाल रंग मारा. कोणाला कळणार आहे?" मला कळेल की! दुसऱ्याची टाकी लावली तर जे त्यांनी नेलं ते त्यांचंच होऊन बसेल. मला बाबांचेच भाग पाहिजेत. ते कुठे आहेत हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. मी गावाला जाणार आहे.

तुझी,
सविता


नाशिक
२० फेब्रुवारी २०००

प्रिय दादा,
जयभीम.

तू उत्तर पाठवलं नाहीस, तरी लिहिते.

टाकी मिळाली. गावातल्या चिमणाबाईच्या घरात इतकी वर्षं तिच्यात रॉकेल ठेवत होते. तिचा नवरा त्या पंधरातला. तो आता नाही. मी दारात उभी राहून म्हटलं, "मी जयराम पगारेंची मुलगी. माझ्या बापाच्या गाडीची टाकी न्यायला आले." ती आत गेली, टाकी रिकामी केली, पदराने पुसली. देताना म्हणाली, "मी नवी नवरी व्हते गं तवा. मला वाटलं इकत आणली." खरं-खोटं तिचं तिला माहीत. मी पाणी प्यायला थांबले नाही.

हेडलाइट कधीच फुटून गेलाय. कार्बोरेटर कोणाच्या पंपाला लावला होता, तो पंपासकट विकला गेला. मग पिएत्रोच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं. त्याच्या मुलीने उत्तर दिलं. साहेब वारले, पण तिने कुठल्याशा जुन्या बाजारातून त्याच सालचा हेडलाइट आणि कार्बोरेटर शोधून पाठवले. सोबत एक फोटो. बाबा आणि साहेब गाडीला टेकून उभे, दोघांच्या हातात वांग्याच्या भाजीचे डबे. आईने तो फोटो बुद्धांच्या मूर्तीजवळ ठेवलाय.

राहिलं चक्र. ते मारुतीच्या देवळात होतं. साखळीने टांगलेलं. एकतीस वर्षं त्याच्यावर लोखंडी दांडा मारून आरतीला वाजवत होते.

मी चप्पल काढली आणि आत गेले. पायरीवरची तीन-चार पोरं उठून मागे आली.

"ओ बाई, देवाची घंटा हाय ती. हात लावायचा नाय."

"देवाची नाही, मोटो गुझीची आहे," मी म्हटलं. "मागच्या अंगाला मधल्या भोकाशी पंचने मारलेले तीन ठिपके असतील. नसले तर मी जाते."

एकाने चक्र फिरवून बघितलं. तीन ठिपके. चक्र शाफ्टवर नेमकं बसावं म्हणून बाबांनी मारलेले, तसेच तीन घरी इंजिनाच्या शाफ्टवरही आहेत. तरी तो म्हणाला, "मग आरतीला काय वाजवायचं?"

"घंटा बाजारात मिळते. माझा बाप मिळत नाही."

आवाज चढले. एकाने माझ्या पिशवीला हात घातला. मी पाना घट्ट धरून उभी राहिले. मागे सरले नाही. तेवढ्यात पारावरून काठी टेकत केरूतात्या आले. आठवतात ना? त्या दिवशी पुढे तेच होते. म्हणाले, "काढू द्या रे तिला. म्याच टांगलं व्हतं."

कोणी हात लावला नाही, आडवंही आलं नाही. नट मी सोडवला. दहा-बारा किलोचं धूड मांडीवर घेऊन एस.टी.त बसले तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाई, हे काय?" म्हटलं, "आमच्या घरचं आहे."

केरूतात्यांनी मला थांब्यापर्यंत येऊन आणखी एक गोष्ट सांगितली. ती या पत्रात लिहीत नाही. तुझी तब्येत जप.

सविता


नाशिक
१४ जानेवारी २००१

दादा,

वर्तमानपत्रात गाडीचा फोटो बघून तू शेजारच्यांच्या फोनवर मला काय काय बोललास ते आईने ऐकलं. मी तिला सांगणार नव्हते, पण तुझा आवाज तसा होता.

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात पत्रकाराने नाव विचारलं, मी पूर्ण सांगितलं. गाव सांगितलं, बाबांचं काय झालं ते सांगितलं. तू म्हणतोस, तुझ्या सोसायटीत आणि पायलला बघायला येणाऱ्यांत बोभाटा झाला. तू दारावर 'दिनेश जयराम' एवढीच पाटी लावलीस आणि आडनाव खाऊन टाकलंस, त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही. तुला तसं जगणं सोपं वाटलं, जग. पण मी पगारे आहे आणि मी हळू आवाजात पगारे होणार नाही.

गाडी पहिल्या वेळी बाविसाव्या किकला सुरू झाली. मागच्या रविवारी आईला मागे बसवून गावाला नेली. विंचूरपर्यंत तिने माझी कंबर गच्च धरली होती. वेशीत शिरल्यावर हात सोडले आणि पदर डोक्यावरून खाली घेतला. मारुतीसमोर मी वेग कमी केला, म्हणजे सगळ्यांना नीट दिसावं. उतरलो नाही. आई मागून मोठ्याने म्हणाली, "जयराम पगारेची बायको चालली रे!" आयुष्यात तिने बाबांचं नाव पहिल्यांदा घेतलेलं मी ऐकलं.

आता ते केरूतात्यांचं. त्या दुपारी छपरीला आतून कडी होती. ते मला म्हणाले, "तुझ्या भावानं काढली. आमी त्याला म्हनलो, साहेबाचा मानूस आलाय, गाडी बघायचीय. पोर हरखून गेलं, म्हनलं मीच चालू करून दावतो."

मी आईला विचारलं. तिला माहीत होतं. बाबांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. ते तिला म्हणाले होते, "पोराला कोणी काही विचारायचं नाही. त्याने दार माणसं समजून उघडलं."

इतकी वर्षं तू गावापासून पळतोस, नावापासून पळतोस, आमच्यापासून पळतोस, ते या एका कडीपायी असेल तर तू तेरा वर्षांचा होतास, दादा. त्या पंधरा जणांनी लाज बाळगली नाही. तू का बाळगतोस?

काल पायलचा फोन आला. तिने कात्रण कापून ठेवलंय. "आत्या, हे खरंच माझे आजोबा?" मी हो म्हटलं, आणि तिला सगळं सांगितलं. गाव, गाडी, नाला, देऊळ, आपलं आडनाव. तू चिडशील. चिड. ती येत्या शनिवारी नाशिकला यायचं म्हणतेय. मी तिला गाडी शिकवणार आहे.

फक्त कडीचं सांगितलं नाही. ते तू सांग.

बाबांची आणि तुझी,
सविता जयराम पगारे