ठोंब्याची नजर सिक्स बाय सिक्स

५ जानेवारी

आजपासून रोजनिशी. घरात माझं कोणी ऐकत नाही, निदान नोंद तरी राहावी.

ठोंब्याला दवाखान्यात नेलं. ठोंब्या म्हणजे आमचा लॅब्रॅडोर. वय नऊ, रंग बिस्किटी, स्वभाव खादाड. महिनाभर घटाघटा पाणी पितोय, घराखालच्या माझ्या दुकानात काउंटरखाली दोनदा शू केली, आणि भरपूर खाऊनही अंगाने उतरलाय. डॉक्टरीणबाईंनी कानातून थेंबभर रक्त काढून यंत्रात घातलं आणि सांगितलं, डायबेटिस. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन, जन्मभर. डोळ्यांवर लक्ष ठेवा, या आजारात मोतीबिंदू झपाट्याने येतो, असंही म्हणाल्या. मी त्यांना नम्रपणे सांगितलं की बावीस वर्षं माझं चष्म्याचं दुकान आहे, डोळ्यांबद्दल मला कोणी शिकवू नये. (रक्त काढताना मी भिंतीला टेकलो होतो. चक्कर नव्हती. खोलीत हवा कमी होती.)

घरी येऊन निर्णय जाहीर केला. या कुत्र्याच्या अंगाला सुई लागणार नाही. चिठ्ठीचे चार तुकडे केले. बायको काही बोलली नाही. लेकही बोलली नाही. पटलेलं दिसतं.

७ जानेवारी

योजना तयार. बिस्किटं बंद. रोज सकाळी सहाला चार किलोमीटर चालणं. दोन महिन्यांत ठोंब्या ठणठणीत, डॉक्टरीणबाई गप्प.

८ जानेवारी, सकाळी ६

उठलो. बाहेर कडाक्याची थंडी. ठोंब्या गाढ झोपलेला. आजारी जीवाला उठवणं बरं नाही.

९ जानेवारी

कालच्यासारखंच.

११ जानेवारी

चाललो! कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत. तिथे ठोंब्या फतकल मारून बसला, हलेचना. एक टोस्ट घेतला, अर्धा त्याला दिला. अर्ध्या टोस्टात साखर ती असून किती असणार. बिस्किटं बंदच आहेत.

१९ जानेवारी

विजय! पाण्याचं भांडं दिवसाला सहा वेळा भरावं लागायचं, आता दोनदा. काउंटरखाली कोरडं ठणठणीत. योजना सुरू होऊन फक्त बारा दिवस, त्यातले चालण्याचे तीन. म्हणजे विचार करा.

डॉक्टरीणबाईंना मुद्दाम फोन केला. त्या म्हणाल्या, डोस लागू पडतोय तर. मी म्हटलं, चालण्याचाच डोस, दुसरा कुठला, आणि फोन ठेवला. लोकांना हार मानणं किती जड जातं.

२३ जानेवारी

घरात काहीतरी शिजतंय. रोज सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी साडेसातला बायको आणि लेक ठोंब्याचं जेवण घेऊन स्वयंपाकघरात जातात आणि दार लावून घेतात. संध्याकाळी तर त्याला दुकानातून खास वर बोलावतात. पाच-दहा मिनिटांनी तिघंही बाहेर. चेहरे साळसूद. ठोंब्याचासुद्धा.

बराच विचार केला तेव्हा उलगडा झाला. नऊ मार्चला मला पन्नास पूर्ण. सरप्राइज पार्टी! इतक्या आधीपासून! मी काही कळलंच नाही असं वागतोय. अभिनय झकास जमतोय.

२८ जानेवारी

फ्रिजच्या दारात, जॅमच्या बाटलीमागे, एक छोटंसं खोकं. वाचायला गेलो. हल्लीच्या कंपन्या इतकी बारीक अक्षरं छापतात, लाज कशी वाटत नाही. हात लांब केला. आणखी लांब केला. हात संपला, अक्षर लागेना. चेहऱ्याला लावायचं काहीतरी असणार. बायकोने येऊन खोकं माझ्या हातातून काढून घेतलं आणि विचारलं, काय शोधताय. म्हटलं, जॅम.

माझे डोळे उत्तम आहेत. पन्नाशीला आलो तरी नाकावर काच नाही. गिऱ्हाइकांना मी हेच सांगतो.

२ फेब्रुवारी

दुकानात ठोंब्या आरशाच्या स्टँडवर धाडकन आदळला. चूक स्टँडची. मी तो कालच हातभर सरकवला होता. समोर पेन्शनर गिऱ्हाईक बसलेले. ते म्हणाले, याला दिसत नाही वाटतं.

मी तिथल्या तिथे जाहीर तपासणी घेतली. ठोंब्याला अक्षरांच्या तक्त्याखाली बसवलं. मी सहा मीटरवर, बरोबर गिऱ्हाईक बसतं त्या जागी, हातात बिस्कीट. (तपासणीचं साहित्य. खाऊ नव्हे.) हाक मारली. गडी नाकासमोर चालत थेट माझ्या हातापाशी! लगेच कार्ड भरलं. नाव ठोंब्या. उजवा डोळा सिक्स बाय सिक्स, म्हणजे नजर एक नंबर. डावा सिक्स बाय सिक्स. सही, शिक्का. पेन्शनर म्हणाले, वासाने आला असेल. मी विचारलं, दुकान तुमचं की माझं.

नंतर त्याचे डोळे वीतभर अंतरावरून नीट पाहिले. जरा धूसर वाटले. पण वीतभर अंतरावर हल्ली सगळंच धूसर दिसतं. दुकानातली ट्यूब गेलीय.

४ फेब्रुवारी

नवीन ट्यूब बसवली. फरक नाही. कंपनी बदलून बघतो.

१३ फेब्रुवारी

घरात कसली फॅशन आलीय देव जाणे. जिन्याच्या वरच्या पायरीपाशी काथ्याचं खरखरीत पायपुसणं, खालच्या पायरीपाशी दुसरं. दोनदा पडता पडता वाचलो. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना फोम चिकटवलाय. लेक कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकवून घरभर खुळखुळत हिंडते, जणू तुरुंगाची जेलर. वर बायकोचं फर्मान, घरातली एकही खुर्ची जागची हलवायची नाही. मी विचारलं, हे घर आहे की म्युझियम. लेक खुळखुळत निघून गेली.

पार्टीसाठी असावं. पण काय पार्टी आहे ही!

१७ फेब्रुवारी

ठोंब्यापुढे चेंडू टाकला. ढुंकून पाहिलं नाही. नऊ वर्षांच्या प्रौढ कुत्र्याला पोरखेळ आवडत नाहीत, बरोबरच आहे.

२० फेब्रुवारी

बायकोच्या बहिणीचं ऑपरेशन. बायको दोन दिवस जाणार होती. नेमकं त्याच वेळी लेकीचं कॉलेजचं शिबिर. बायको म्हणाली, आम्ही दोघी एकदम घराबाहेर राहू शकत नाही. चोवीस वर्षांच्या संसारानंतरही मला एकटं सोडायला तिचा पाय निघत नाही. भरून आलं. म्हटलं, अगं, मी राहीन की. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ठोंब्याकडे पाहिलं, आणि भरलेली बॅग रिकामी करायला घेतली.

वाईट वाटलं. पण मनातून बरंही वाटलं.

२ मार्च

आता अखेरचा घाव. ठोंब्याचं वजन वाढतंय आणि दोघी खूश! साखरेच्या पेशंटचं वजन वाढतंय यात खूश व्हायचं काय? दोघी कॉलेज आणि बाजाराला गेल्या तेव्हा त्याच्या खाण्याच्या डब्यातलं निम्मं काढून तेवढाच कोंडा मिसळला. रंग सारखाच. कोणाच्या लक्षात येणार नाही. शिवाय परवापासून न्याहारीनंतर तलावाला तीन फेऱ्या. सहा किलोमीटर. माघार नाही.

गुपितं काय फक्त त्यांनीच ठेवायची?

४ मार्च, सकाळी ८

निघतोय. ठोंब्या पोटभर कोंडा खाऊन तयार.

४ मार्च, संध्याकाळ

दुसऱ्या फेरीत त्याचे पाय लटपटले. मला वाटलं, नखरे. मी दोरी ओढली. ओढली मी. मग तो बसला, मग आडवा झाला, मग अंगाला झटके यायला लागले.

लेकीला फोन केला. ती ओरडली की गोड काहीतरी हिरड्यांना चोळा, बाबा, आत्ताच्या आत्ता. कसं, का, काही विचारलं नाही. चहाच्या टपरीवरची साखरेची बरणी न विचारता उचलली, मूठभर साखर पाण्यात कालवली, बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळत राहिलो. टपरीवाला शिव्या द्यायला आला आणि ठोंब्याचं डोकं धरून बसला. त्यानेच रिक्षा थांबवली.

दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सकाळी इन्सुलिन किती दिलं. मी म्हटलं, आम्ही इन्सुलिन देतच नाही. मागून बायको म्हणाली, बारा युनिट, साडेसातला, आठ जानेवारीपासून रोज दोनदा.

मी वळून पाहिलं. ती धापा टाकत दारात उभी होती. चपला वेगवेगळ्या.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खाणं नेहमीचंच ना. बायको हो म्हणाली. आता बोलायची पाळी माझी होती.

५ मार्च

ठोंब्या घरी आला. शेपूट हलवतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की इन्सुलिन पूर्ण, खाणं निम्मं, वर एवढं चालणं, साखर पार तळाला गेली होती, अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर... पुढचं मी लिहीत नाही.

घरी कोणी ओरडलं नाही. ओरडायला हवं होतं. लेकीने तिच्या वहीतून चिठ्ठी काढून दाखवली. मी केलेले चारही तुकडे त्याच दिवशी कचऱ्यातून उचलून सेलोटेपने जोडले होते. म्हणाली, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही इन्सुलिनची बाटलीही फेकली असती.

फेकली असती.

दोन महिने मला माझ्याच घरात फसवलं याचा मला प्रचंड राग आला. दहा मिनिटं टिकला. मग जुनं आठवलं. लेक होस्टेलवर भांडून, शिक्षण अर्धवट टाकून परत आली होती, त्या वर्षी ती आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो. सगळे निरोप ठोंब्यामार्फत. ठोंब्या, बाबांना सांग जेवण वाढलंय. ठोंब्या, हिला सांग इथल्या कॉलेजची फी भरलीय. सात महिने त्याने हे घर चालवलं, आणि मी त्याला कोंडा घातला.

७ मार्च

पेन्शनर चष्मा न्यायला आले. सगळी हकिकत ऐकून म्हणाले, म्हातारं जनावर, त्यात साखर, त्यात आंधळं. का हाल करताय, सुटका करा त्याची.

मी त्यांचा चष्मा त्यांच्या हातात ठेवला. म्हटलं, तुमचं वय शहात्तर, साखर तुम्हालाही आहे, आणि चष्मा काढला तर तुम्हाला दुकानाचं दार सापडत नाही. तुमच्या सुटकेचं घरी कोणी बोललं का? आणि आंधळं कोणाला म्हणता? कार्ड काढून त्यांच्यापुढे आपटलं. सिक्स बाय सिक्स, सहीशिक्क्यानिशी!

ते तडक निघून गेले. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक. जाऊ दे. हा कुत्रा जगणार. त्याला जगवायला मी काय वाटेल ते करीन. सुईसुद्धा.

९ मार्च

पन्नास पूर्ण. बायकोने सकाळी पहिलं वाक्य उच्चारलं ते दूध आणलं का हे. सरप्राइज नव्हतंच. कधीच नव्हतं.

साडेसात वाजता म्हटलं, आजपासून मी देणार. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग तिघं आणि ठोंब्या स्वयंपाकघरात गेलो. दार मी लावलं.

लेकीने त्या खोक्यातली बाटली काढली, दोन तळव्यांत हलकेच फिरवली. जोरात हलवायची नसते म्हणे. सिरिंज माझ्या हातात दिली. मी रेघा पाहायला गेलो. रेघा नाहीत. हात लांब केला. तरी नाहीत. म्हटलं, इथला लाइट खराब आहे. बायको म्हणाली की बारा आणि अठरा यांत ठोंब्याचा जीव आहे, लाइटचं नाव काढू नका.

लेक खाली दुकानात गेली. हाताला आला तो चष्मा घेऊन आली. प्लस दोन, लेडीज फ्रेम, गुलाबी. माझ्या नाकावर ठेवला.

रेघा उभ्या राहिल्या. एकेक, स्वच्छ. बारा मोजल्या, पुन्हा मोजल्या. ठोंब्या जेवत होता. मानेमागची कातडी चिमटीत धरली आणि सुई घातली. त्याचं चावणंही थांबलं नाही. मी मात्र फरशीवर बसलो. चक्कर आली होती.

वाटी चाटून झाल्यावर त्याने तोंड माझ्या तोंडाशी आणलं. वीतभर अंतर. नाकावर गुलाबी चष्मा तसाच होता. मी त्याचे डोळे पाहिले.

दोन्ही पांढरे. कडेपर्यंत. दुधासारखे.

विचारलं, कधीपासून. लेक म्हणाली, जानेवारीच्या अखेरीपासून, बाबा. तुम्ही ट्यूब बदलत होता. मग पायपुसणी, फोम, किल्ल्या, खुर्च्या, एकेक करून सगळं कळत गेलं. दोघींनी सबंध घर त्याला दिसेल असं करून ठेवलं होतं, आणि मी अडखळत होतो.

दुकानात जाऊन त्याचं कार्ड काढलं. फाडलं नाही, फाडण्यातला अनुभव चांगला नाही. खाली नवीन तारीख घालून लिहिलं. उजवा, नाही. डावा, नाही. साखर स्थिर राहिली तर ऑपरेशन होतं, डॉक्टरीणबाईंना उद्या विचारणार. सुरुवातीलाच माफी मागणार. मग एक कोरं कार्ड घेतलं, त्यावर माझं नाव घातलं. वय पन्नास. जवळचं, प्लस दोन.

जिन्यावर नखांचा आवाज झाला. खालच्या पायपुसण्यावर ठोंब्या थांबला. मी तक्त्यासमोर सहा मीटरवर बसलो होतो. हाक मारली नाही, हललो नाही. तो सरळ चालत आला आणि माझ्या पायावर डोकं टेकून बसला.

खिसे चाचपून पाहिले. दोन्ही. बिस्कीट नव्हतं.