आपला म्हातारा झालाय

प्रिय आईस,
धाकट्याचा नमस्कार. हे पत्र हाती पडेल तेव्हा तुझा गुडघा कुरकुरत नसो.

तुझ्या लाडक्या मारामारीच्या सिनेमाचा तिसरा भाग काल पाहिला. तू हिरोला कधी नावाने ओळखत नाहीस, ‘आपला’ म्हणतेस. तर ऐक, आपला म्हातारा झालाय. पण काय झालाय! पूर्वी गच्चीवरून उड्या मारायचा, आता जिना चढताना कठडा धरतो. मारामारीआधी चष्मा काढून नीट डबीत ठेवतो आणि मग एकेकाला असा धुतो की बस! दुसरा भाग म्हणजे नुसता धूर आणि गाड्या होत्या. यात जीव आहे.

शेवटी त्याचा हात गळ्यात अडकवलेला असतो आणि नेमका आईचा फोन येतो. “काही नाही गं, जरा खरचटलंय,” म्हणतो. सगळं थिएटर हसलं. मला काही हसू आलं नाही.

गोदामातलं काम झकास चाललंय. मुकादम भला माणूस आहे, सध्या खोकी उचलू देत नाही, नुसता दारावर बसवतो. खोलीत माझ्यासोबत राहणारा इलेक्ट्रिशियन तर मला भातसुद्धा कालवून देतो. एवढे लाड तूही केले नव्हतेस!

बाबा अजून पडद्याकडे बघून “अरे, मागे बघ!” असं ओरडतात का? ताईला म्हणावं, दोघांना हा सिनेमा दाखव.

अक्षर वाकडं आलंय म्हणून घाबरू नकोस. डाव्या हाताने लिहायची सवय करतोय. काही नाही गं, जरा खरचटलंय.

आपला,
धाकटा