कढीची पळी

धरमपेठ, नागपूर
६ नोव्हेंबर २०२४

ती. आईस,
मेघाचा सा. जयभीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते.

आपल्या दीक्षानं पसंत केलेल्या भूपेशचं घर पाहून आले. मागच्या दारी दगडी ओटा, बाजूला पारिजातक. पाय तिथेच थबकले. तू भांडी घासायला जायचीस म्हणून सांगायचीस ते प्रेमिलाबाईंचं घर हेच, आणि त्या भूपेशच्या आजी! मी कोणाची मुलगी हे त्यांना ठाऊक नाही.

जुनं घर पाडून तिथे फ्लॅट होणार, म्हणून सामान भंगारात चाललं होतं. त्यात वाढायचा तो जर्मन सिल्व्हरचा संच दिसला. डाव, पळी, भाताचा चपटा चमचा, तुपाची तामली, दांड्यांवर द्राक्षांचे घोस. चिंच लावून लावून तू ज्याला चकाकी आणायचीस आणि ज्यानं तुला कधी जवळून वाढलं नाही, तोच. मी मागून घेतला.

रविवारी, सतरा तारखेला, ती मंडळी लग्नाची तारीख धरायला आपल्याकडे जेवायला येणार आहेत. तुला ओट्यावर बसवून, पळी ताटाला लागू नये म्हणून हातभर उंचावरून कढी सोडायच्या ना? मीही तशीच वाढणार आहे. माझं रक्त उकळतंय, आई.

गुडघ्याला तेल लाव. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मेघा


उमरेड
११ नोव्हेंबर २०२४

चि. मेघास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र पोचलं. तू लहानपणापासून अशीच, नाकाच्या शेंड्यावर राग. पण स्वतःच्या पोरीच्या ताटात काहून माती कालवतेस वं? दीक्षाचा जीव त्या पोरावर आहे. तो माझ्यासाठी इथवर बसनं आला, माझ्या हातची भाकर खाऊन गेला. म्हातारीचं पाप त्याच्या डोक्यावर नको.

मी सगळं विसरली. तूही विसर. आलेल्या माणसाला जवळून, नीट, पोटभर वाढ.

दीक्षाला माझा मुका. तुझ्यावर जीव आहे, म्हणून रागावते.

तुझी,
आई


नागपूर
१९ नोव्हेंबर २०२४

ती. आईस,
सा. जयभीम. वि. वि.

तुझं ऐकायचं ठरवलं होतं. सगळ्यांना नीट वाढलं, प्रेमिलाबाईंना तर आग्रह करकरून. त्यांनी संच ओळखला आणि खूश होऊन दीक्षाला सांगू लागल्या की हा घासायला आमच्याकडे एक इंदू होती, फार गुणाची. द्यावं ते खायची, कधी तोंड वर करून बोलली नाही. तशा बाया आता मिळत नाहीत, म्हणाल्या.

माझ्या हातात कढीची पळी होती. मी ती हातभर उचलली आणि सोडली. कढी ताटात पडली, पदरावर पडली, टेबलभर उडाली. भूपेशचे वडील घाईनं म्हणाले की हात निसटला असेल. मी म्हटलं, निसटला नाही. इंदू माझी आई. तिला तुमच्या घरी असंच वाढत होते.

प्रेमिलाबाई उठतील असं वाटलं होतं, पण मान खाली घालून त्यांनी तीच कढी भाताशी कालवली आणि जेवल्या. तेव्हा मला त्यांची थोडी कीव आली. पण खोटं कशाला लिहू, आधी फार बरं वाटलं.

तारीख ठरली नाही. भूपेश रोज येतो, पण दीक्षा माझ्याशी बोलत नाही. रागावलीस तरी मला टाकू नकोस.

तुझी,
मेघा


उमरेड
२५ नोव्हेंबर २०२४

चि. मेघास,
आशीर्वाद, जयभीम.

तुला झापायला म्हणूनच कागद घेतला होता. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. कढी गरम होती ना? मला निवलेली मिळायची.

दीक्षाला आणि भूपेशला माझ्याकडे धाड. ओट्याची गोष्ट मीच सांगीन, तारीखही इथेच धरू. एवढं ऐकूनही तो पोरगा रोज येतो, तर तो आपला झाला.

विसरली म्हणून लिहिलं ते खोटं होतं. आणि प्रेमिलाबाईंची कीव करू नको. त्यांना ताटावरून उठून जाता येत होतं. मला येत नव्हतं. तू पोटात होतीस.

जीव लावतेस तशीच लावत राहा.

तुझी आई,
इंदूबाई