भोंग्यातून आईचा सूर

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांचा उरलेला कानही आता जाणार. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गाठ काढायची तर ऐकणं वाचणार नाही. ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी त्यांना एकदा आपल्या गेलेल्या आईचं टेपवरचं गाणं ऐकायचंय, तेही त्यांनी स्वतः बांधलेल्या भोंग्यांवर.

फिल्टर मी केला. जाड आवाज खालच्या पेटीला, बारीक भोंग्याला. पण आईचा सूर वर गेला की भोंगा किंचाळतो. बाबा उठूनच गेले. ही तुमची आई नाही, म्हणाले. रडूच आलं रे. भोंग्यामागचा आवाज काढणारा ड्रायव्हर सुटा काढून मोजला, तर सगळं ठीक! आता तूच सांग, घोडं कुठं पेंड खातंय?

तुझा लोभ आहेच, तो असाच राहो.
धाकटी

११ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून सुन्न झालो. अगं शहाणे, ड्रायव्हर सुटा कशाला मोजलास? भोंगा चढवला की त्याचा विजेला होणारा अवरोध बदलतो. वर आठ ओहम लिहिलंय म्हणून तू आठ धरलेस, पण काही सुरांना तो तिसाच्याही वर उसळतो. तिथंच तुझा फिल्टर फसतो.

भोंगा चढवूनच मोज आणि उसळी शोध. मग कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर एकामागे एक जोडून ती माळ ड्रायव्हरच्या दोन टोकांमध्ये टाक. उसळी बसेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोचतो. फोनवर त्यांना माझं काही कळत नाही. समोर बसून पोटभर बोलायचंय, शेवटचं.

जिवाला जप, माया आहेच.
दादा

२८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उसळी नेमकी आईच्या वरच्या सुरांतच निघाली. पहिला रेझिस्टर फार लहान पडला, सूर दबला, म्हणून मोठा लावला. मग बाबांना बसवलं. आई गायली. मध्येच तिला ठसका लागला, खाकरून तिनं पुन्हा तोच शब्द धरला. बाबा हसले आणि रडले. आता तीच, म्हणाले.

मी टेप परत लावायला गेले तर बाबा नको म्हणाले. यानंतर कानात दुसरं काही जायला नको, म्हणे. तेव्हापासून कापूस घालून बसलेत. खरं सांगते, मला राग आला. मी काय परकी आहे? मलाही त्यांच्याशी कितीतरी बोलायचं होतं. आता पाटीवर लिहून दाखवते.

दादा, तू ये. पण दारातून हाक मारू नकोस. नुसता त्यांच्याजवळ बस.

आपल्या दोघांतली माया कमी होऊ देऊ नकोस.
धाकटी