उजव्या डोळ्याच्या नोंदी

प्रिय धाकट्या,

तुझा फॉर्म मिळाला. आकाशनिरीक्षकांच्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनना दोन्ही मुलांच्या सह्या हव्यात, आणि वर तुझी ओळ: 'ताई, वाचत बसू नकोस, फक्त सही कर.' मी वाचला. बाबांच्या अकरा वह्या, त्यांतल्या चारशे बारा नोंदी, त्यांच्या नावाने कायमच्या संग्रहात जाणार. कुठकुठले हौशी आकाशनिरीक्षक त्या उघडून बघणार. आठ महिने तू रोज एक पान स्कॅन करून ग्रुपवर टाकतोस आणि मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की फोनवर बघते. काय एकेक प्रतिक्रिया. एवढ्याशा दुर्बिणीतून इतकं अंधुक दिसलं म्हणजे कमाल आहे, असे डोळे लाखात एकाला मिळतात. तू प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवतोस. तुझे हात दुखत कसे नाहीत कोण जाणे.

बाबांच्या उजव्या डोळ्यात लेथवरचा लोखंडाचा कीस उडाला तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. तो डोळा गेलाच. डावा राहिला, पण त्यातही धुकं उतरत गेलं. चंद्र दिसायचा, शनीची कडी दिसायची, दूरच्या दीर्घिका काही केल्या दिसेनात. तेव्हा नोंदी टपालाने निरीक्षक मंडळाकडे जायच्या आणि तिथे बाबांच्या शब्दाला वजन होतं. कारखान्यात ज्यांना 'ए तीन नंबर' अशी हाक बसायची, त्यांना मंडळातले लोक पत्रात 'सर' लिहायचे. ते त्यांच्याने सोडवलं नाही. म्हणून तेरा वर्षांची मी दुर्बिणीच्या नेत्रिकेला डोळा लावायची आणि ते मागे स्टुलावर बसून लाल बॅटरीच्या उजेडात लिहायचे. या अकराही वह्या त्या रात्रींच्याच. आकार कसा, कडा पुसट की ठळक, शेजारी तारे किती, सगळं मी सांगायचं. मग ते लिहायचे, 'दीर्घिका दिसली.' आपली भाषा किती सोयीची बघ. कुणाला दिसली ते लिहावंच लागत नाही.

मी एकदा विचारलं होतं, माझं नाव कुठे घालणार म्हणून. आपलंच आहे ना सगळं, असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

आणि तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. ताईला गच्चीवर नेता आणि मला झोपायला लावता, म्हणून तू किती भोकाड पसरायचास. सकाळी माझ्या उजव्या डोळ्याभोवती नेत्रिकेच्या रबराचा गोल वळ असायचा. त्यावरून मला 'शिक्का' हे नाव कुणी पाडलं? शाळेत सगळ्यांना सांगून कुणी आलं? त्या वर्षी मी गणितात गटांगळी खाल्ली तेव्हा बाबा गप्प बसले आणि आईने मला झोडपलं. तेही तू दारात उभा राहून बघितलंस.

मी तरीही सही केली असती. खरंच केली असती, मला स्वतःचा राग येईल इतक्या सहज. पण मग त्या 'घुबड' नावाने लिहिणाऱ्या गृहस्थांनी तो प्रश्न विचारला. अंधुक वस्तू सरळ बघून दिसत नाही, नजर जरा बाजूला धरावी लागते. उजव्या डोळ्याने बघणारा ती उजवीकडे धरतो, डाव्याने बघणारा डावीकडे. उलट केलं की वस्तू डोळ्याच्या आंधळ्या जागेवर जाते आणि दिसायची ती पण दिसत नाही. घुबडांनी नम्रपणे एवढंच विचारलं की प्रत्येक नोंदीत 'नजर उजवीकडे' आहे, पण फोटोत तर तुमच्या वडिलांच्या चष्म्याची उजवी काच काळी दिसते. अशी चूक पकडायला त्याच जातीचा वेडा लागतो. त्या क्षणी तू एक ओळ लिहिली असतीस तर मी तुझे सगळे गुन्हे माफ केले असते. तू लिहिलंस की बाबांचा डाव्या-उजव्यात गोंधळ व्हायचा. आणि स्कॅनखाली टाइप केलेल्या मजकुरात सगळीकडे 'उजवीकडे'चं 'डावीकडे' करून टाकलंस. परवा एक बिचारा म्हणाला, तुमच्या वडिलांनी लिहिलंय तसंच बघितलं, पण काहीच दिसलं नाही. तू त्याला सराव वाढवायला सांगितलंस.

वर तुझी प्रस्तावना. म्हणे लेक सासरी गेली आणि त्या दुःखात बाबांनी आकाशाकडे बघणंच सोडलं. लोकांनी रडणारे चेहरे पाठवलेत. अरे, शेवटची नोंद माझ्या लग्नाच्या चार दिवस आधीची आहे, कारण पाचव्या दिवशी बघायला घरात कुणी नव्हतं. लेक गेल्याचं त्यांना वाईट वाटलं असेलही. मला सातवा महिना होता तेव्हा ते दुर्बीण घेऊन माझ्याकडे आले होते. रात्रभर ढग होते, म्हणून नोंद झाली नाही; माझी तब्येत त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारली. आणि मी वेडी, तेवढं पोट घेऊन गच्चीचा जिना चढले होते, कारण ते आले होते.

त्या माणसावर माझं प्रेम होतं, तेच तर डोक्यात जातं. ते असताना मी तोंड उघडलं नाही. सव्वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांना एकेक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावते, आणि माझ्या डोळ्याने काय काय बघितलंय हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही.

आज सकाळी मी फॉर्म भरला. वडिलांचं नाव 'लेखनिक' म्हणून लिहिलं, निरीक्षकाच्या रकान्यात माझं. तू बदललेल्या सगळ्या नोंदींची यादी जोडली, खाली सही केली आणि तुझ्याकडे न पाठवता थेट अ‍ॅडमिनना पाठवून दिला. तुला फोन केला असता तर तू आईची शपथ घातली असतीस आणि मी विरघळले असते, स्वतःला ओळखते मी. म्हणून हे पत्र टपालाने. तुझ्या हातात पडेल तोवर ग्रुपवर सगळ्यांनी तो फॉर्म वाचलेला असेल.

तुला हवी असो वा नसो, तुझीच,
ताई