दोनशे बारावं वाक्य

४ नोव्हेंबर, सोमवार

आली बाप्पा एकदाची भिलाईत! स्मृति नगरातल्या दवाखान्यात मनाच्या तपासण्या घ्यायचं काम लागलं. खोली स्वच्छ, खिडकीत जास्वंद, डॉक्टर शांत. गोंदियाले बाबा सगळ्याइले सांगून राहिले म्हणे, आमची ममता आता पागलपणा मोजते. मोजत नाही हो! आजार नेमका कोणता, आहे का नाही, ते ठरवायले मदत करते.

एकच गोष्ट पटली नाही. तीनशे वाक्यांची पुस्तिका. पेशंटनं वाचायची अन् वेगळ्या कागदावर हो-नाही लिहायचं. पुस्तिका तीच, वर्षानुवर्षं. अन् इथली माणसं आमच्या बाबासारखीच, बोटाले थुका लावल्याबिगर पान उलटवत नाहीत. कोपरे काळे, चिकट, आंबूस वासाचे. छी! नवी मागवा म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, ती आता छापतच नाहीत.

६ नोव्हेंबर

सराव म्हणून आज मीच सोडवली. अर्ध्यात ध्यानात आलं, मी पण बोट चाटून राहिली होती! बाबाची सवय, मेली जात नाही. साबणानं जीभ घासली. जेवण गेलं नाही.

८ नोव्हेंबर

कुरुदच्या बेबीताई आल्या. नवरा शालिकराम स्टील प्लांटात कामाले आहे. मागच्या वर्षी झोप येत नाही म्हणून त्यांची इथंच तपासणी झाली होती. आता म्हणतात, जिभेखाली केस उगवला. घरच्यांचं ठरलं आहे: आजार निघाला तर गोळ्या, नाही निघाला तर बैगा, म्हणजे इथला मांत्रिक. तो तापल्या चिमट्यानं जीभ डागते म्हणे. सगळं माझ्या रिपोर्टवर. बेबीताईंनी माझा हात धरला, बाई, आजारच लिहिजो म्हणाल्या.

वाक्य दोनशे बारा: माझ्या तोंडात काहीतरी वाढत आहे. त्यांनी हो लिहिलं.

११ नोव्हेंबर

कपाटातले जुने कागद काढले. कोणाले भीती, कोणाले उदासी, कोणाले संशय. पहिल्या तपासणीत दोनशे बाराले सगळ्याइचं उत्तर ‘नाही’. दुसऱ्यांदा आलेले अकरा जण. अकराही जणांचं ‘हो’.

हे लोक घरून काही घेऊन आले नव्हते. इथून घेऊन गेले. पुस्तिकेच्या त्या चिकट कोपऱ्यावरून. माय वं, किती किळस येऊन राहिली मले.

१२ नोव्हेंबर

बेबीताईंचं तोंड उघडून टॉर्च मारला. जिभेखाली थुकीत भिजलेला, करडा, बोटभर लांब. हलला. मी बेसिनमधे ओकली.

रिपोर्टात लिहिलं: केस आहे, आजार नाही. खोटं मी लिहीत नसते, कोणी कितीही विनवो. डॉक्टरच्या आधी शालिकरामनं कागद वाचला अन् बायकोले ओढत घेऊन गेला. डॉक्टर हसले. असं काही नसते म्हणाले, तूच एकदा तपासणी करून घे.

१५ नोव्हेंबर

डागलं त्यांनी. आज परत दवाखान्यात आणलं. बेबीताईले बोलता येत नाही. तोंडातून पू, जळक्या मांसाचा वास. केस तसाच, लांबला आहे. एक शब्द मागितला होता बाईनं. मोठी सत्यवादी लागून गेली मी!

१६ नोव्हेंबर

सकाळपासून जिभेखाली काहीतरी टोचून राहिलं. नसल काही. पाहत नाही मी. आरशावर टॉवेल टाकला.

मलेच भास होऊन राहिले म्हणून डॉक्टरनं बाबाले फोन केला. बाबाचंही तेच. आजार असल तर गोळ्या, नाहीतर गावातला मांत्रिक. उद्या येतात.

१७ नोव्हेंबर

पुस्तिका सोडवली. तीच. दोनशे बारा — हो.

डॉक्टरचे पाय धरले. आजारच लिहा म्हटलं, गोळ्या घेईन, किती म्हणाल तितक्या. त्यांनी हसत टॉर्च घेतला. तोंड उघड म्हणाले.

मग हसणं थांबलं. बेसिनकडे धावले —

आता समोर बसून रिपोर्ट लिहून राहिले. लेखणी थांबत नाही. मी विचारलं काय लिहिता, तर मान वर न करता म्हणाले, जे दिसलं ते.

बाबाचा आवाज येऊन राहिला, बाहेर. नोको, बाबा —

डायरीचं हे पान भरलं. उलटवते म्हटलं, बोट तोंडात गेलं आपोआप, अन् बाहेर काढलं तर बोटाले गुंडाळून